किशोरवयीनांच्या थरारकादंबऱ्या : मोठी माणसं नेमकी कुठे जातात?

जुनीवही

गेलं वर्षभर मी तेरा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या थरारकादंबऱ्या एकामागून एक वाचतेय. भाचीने एक पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, हे वाच, मग आपण बोलू." ते वाचलं, बोललो, आणि मग थांबताच आलं नाही. आता तिच्यापेक्षा माझीच यादी लांब झाली आहे.

या वाचनात मला एक सवय लागली. पुस्तक उघडलं की मी आधी मोठी माणसं शोधते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर जिवावरचं संकट आणायचं आणि ते त्यालाच निस्तरायला लावायचं, तर लेखकाला आईवडील, शिक्षक, पोलीस या सगळ्यांना आधी वाटेतून बाजूला करावं लागतं. तो हे कसं करतो, त्यावरून मला पुस्तकाची जात कळते.

गॅरी पॉल्सनचं 'हॅचेट' (१९८७) घ्या. तेरा वर्षांचा ब्रायन छोट्या विमानातून वडिलांकडे निघालाय. विमानात दोघंच, तो आणि पायलट. वाटेत पायलटला हृदयविकाराचा झटका येतो, विमान कॅनडाच्या जंगलातल्या एका तळ्यात कोसळतं, आणि निघताना आईने दिलेली लहान कुऱ्हाड तेवढी कमरेला उरते. पुढचे ५४ दिवस तो एकटा. इथे मोठं माणूस मरून जातं, त्यात कुणाचा दोष नाही.

जॉन मार्सडेन या ऑस्ट्रेलियन लेखकाचं 'टुमॉरो, व्हेन द वॉर बिगन' (१९९३) थोडं वेगळं. काही मित्रमैत्रिणी डोंगरात तंबू ठोकून राहायला जातात. परत येतात तर देशावर परचक्र आलेलं, आणि गावातली सगळी माणसं कैदेत. इथे मोठी माणसं जिवंत आहेत, पण असहाय आहेत. आतापर्यंत ज्यांच्याकडे धावत जायचो त्यांनाच आता सोडवायचंय, हा उलटा भार त्या मुलांच्या खांद्यावर येतो.

सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'मध्ये (२००८) मोठी माणसं कुठेच गेलेली नाहीत. बारा जिल्ह्यांतून चोवीस मुलंमुली निवडून त्यांना एकमेकांना मारायला लावणारा खेळ तीच भरवतात, तीच सजवतात, तीच बघतात.

आणि शेवटी ज्या पुस्तकाने माझी झोप उडवली ते. (इथून रहस्यभेद आहे, वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.) रॉबर्ट कॉर्मिएचं 'आफ्टर द फर्स्ट डेथ' (१९७९). दहशतवादी लहान मुलांची बस पळवतात. बस चालवतेय केट नावाची शाळकरी मुलगी, आणि पळवणाऱ्यांपैकी मीरो तिच्याच वयाचा. निरोप घेऊन कुणाला पाठवायचं, तर सैन्यातला एक जनरल स्वतःच्या मुलाला पाठवतो. का? छळ झाला की हा मुलगा फुटेल आणि त्याला सांगितलेली खोटी माहिती बोलून टाकेल, याची बापाला खात्री असते. मुलाला मात्र वाटत असतं की बाबांनी आपल्यावर विश्वास टाकलाय.

म्हणून माझं मत असं झालंय की किशोरकादंबरीतला थरार खलनायकाच्या क्रौर्यावर ठरत नाही. मदत करू शकणारं माणूस किती जवळ उभं होतं आणि तरीही का आलं नाही, त्यावर ठरतो. तुम्हाला काय वाटतं? तुमची पुस्तकं सांगा, आणि असहमत असाल तर तेही मोकळेपणाने लिहा.

कंदील

फार चांगला धागा. यात अमेरिकन लेखिका लोइस डंकनचं नाव आलंच पाहिजे. तिची गोष्ट मला आजवर कुणाशी नीट बोलता आलेली नाही.

'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' (१९७३) हे तिचं. चार तरुण मुलं रात्री गाडी चालवत असताना सायकलवरच्या एका लहान मुलाला उडवतात आणि पळून जातात. कुणालाही सांगायचं नाही अशी शपथ घेतात. वर्षभराने चिठ्ठी येते. जुनीवही, तुमच्या कसोटीवर हे पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं, कारण यात मोठ्या माणसांना लेखिका बाजूला करतच नाही. घरं भरलेली आहेत, आया विचारपूस करतायत. मुलांनीच त्यांना बाहेर ठेवलंय. त्यांची शपथ हाच त्यांचा तुरुंग.

१९९७ साली त्यावर चित्रपट आला आणि त्यात लोखंडी आकडा घेऊन माणसं मारत सुटलेला खुनी घातला. मूळ कादंबरीत त्या चौघांपैकी कुणीही मरत नाही. आपल्या पुस्तकाचा असा रक्तपात झालेला पाहून डंकनला धक्का बसला होता आणि तिने तो जाहीरपणे बोलून दाखवला.

तिला तो इतका का लागला असेल, हे कळायला आठ वर्षं मागे जावं लागतं. १९८९ मध्ये तिच्या अठरा वर्षांच्या धाकट्या मुलीला रात्री गाडी चालवत असताना गोळ्या घालून मारण्यात आलं. त्याच वर्षी डंकनची 'डोन्ट लुक बिहाइंड यू' ही कादंबरी आली होती, जिवाच्या भीतीने कुटुंबासह लपून राहावं लागलेल्या एका मुलीची, आणि त्या नायिकेचा स्वभाव तिने आपल्या याच मुलीवरून घेतला होता. पोलिसांच्या तपासावर तिचा विश्वास बसेना. मग कादंबऱ्यांमधल्या तिच्या मुली करतात तेच ती स्वतः करू लागली, म्हणजे माग काढणं, माणसांना भेटणं, नोंदी ठेवणं. त्यातून 'हू किल्ड माय डॉटर?' (१९९२) हे सत्यकथन आलं. थरारकादंबरीकडे ती नंतर जवळजवळ वळलीच नाही.

मी तिची जुनी पुस्तकं हे कळण्याआधी एकदा वाचली होती आणि कळल्यावर पुन्हा. दुसऱ्या वेळी प्रत्येक आईचं वाक्य थांबून वाचलं.

पाऊलवाट

मी या धाग्यावर बाप म्हणून आलोय. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला तिच्या मैत्रिणीकडून जेसन रेनॉल्ड्सचं 'लाँग वे डाउन' मिळालंय. मागचं कव्हर वाचलं तर खून, पिस्तूल, सूड. तिला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं, आणि हो म्हणायला हात धजावत नाही. वर तुम्ही लिहिलेलं जनरल आणि मुलाचं वाचून तर आणखीच घाबरलो. कुणी हे पुस्तक वाचलंय का? अशी पुस्तकं मुलांना आतून काय करतात?

घड्याळकाटा

जुनीवही, तुमची कसोटी आवडली, पण ती सगळ्या पुस्तकांना लावू नका ही विनंती. काही पुस्तकं धावण्यासाठीच असतात आणि त्यात काही कमीपणा नाही.

कॅरेन मॅकमॅनसचं 'वन ऑफ अस इज लाइंग' (२०१७) बघा. शाळा सुटल्यावर शिक्षा म्हणून पाच जणांना एका वर्गात बसवलंय. बाहेर जिवंत येतात चौघं. मेलेला मुलगा सगळ्यांची गुपितं ॲपवर टाकणारा होता, म्हणजे चौघांकडेही कारण आहे. चौघंही आळीपाळीने स्वतःच्या तोंडून सांगतात, आणि त्यातलं एक तरी खोटं बोलतंय या संशयाने आपण पानं उलटत राहतो. हॉली जॅक्सनच्या 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर'मध्ये (२०१९) पिप नावाची मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी पाच वर्षांपूर्वी बंद झालेलं खुनाचं प्रकरण उघडते. मुलाखतींच्या नोंदी, संशयितांची यादी, तिचे स्वतःचे अंदाज, सगळं आपल्यासमोर ठेवलेलं असतं. वाचणारा तिच्याबरोबरीने तपास करतो.

माझा धाकटा भाऊ पुस्तकाला हात लावत नसे. यातलं एक त्याने दोन रात्रींत संपवलं आणि दुसरं मागितलं. तेव्हा वेग हा गुण धरा.

जुनीवही

घड्याळकाटा, भावाचं वाचून खरंच आनंद झाला. वेगावर माझा आक्षेप नाही. धोक्याची किंमत कुणीच मोजत नाही अशा पुस्तकांवर आहे. दहाव्या पानावर मित्र मरतो आणि बाराव्या पानावर नायक पुन्हा भिंती चढतोय, असं असेल तर माझं मन उठतं. जॅक्सनच्या मालिकेत तसं होत नाही, हे तुमच्या बाजूने मीच सांगते. पहिल्या पुस्तकात हसतखेळत वही भरणारी पिप तिसऱ्या पुस्तकात झोपू शकत नाही. तपासाने तिचं काय केलं, ते लेखिका लपवत नाही.

पाऊलवाट, 'लाँग वे डाउन' मी अजून वाचलेलं नाही. ज्यांनी वाचलंय त्यांनी यांना कृपया उत्तर द्या.

रातकिडा

नमस्कार, मी सोळा वर्षांची आहे. इथे सगळे माझ्यापेक्षा मोठे दिसतायत, पण पुस्तकं आमच्यासाठी लिहिलेली आहेत म्हणून धीर करून लिहिते.

पाऊलवाट काका, मी 'लाँग वे डाउन' दोनदा वाचलंय. विल पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या मोठ्या भावाला गोळी घालून मारलंय. विल भावाचं पिस्तूल घेऊन लिफ्टमध्ये शिरतो, सूड घ्यायला. लिफ्ट खाली पोचायला एक मिनिट लागतं, आणि अख्खं पुस्तक त्या एका मिनिटाचं आहे. प्रत्येक मजल्यावर दार उघडतं आणि एक माणूस आत येतं. आत येणारं प्रत्येक माणूस आधीच मेलेलं आहे, कुणाच्या ना कुणाच्या गोळीने. सगळं कवितेत आहे, पानावर थोडेच शब्द. रक्ताची वर्णनं फार नाहीत. मी रडले, पण घाबरले नाही.

आणि जुनीवही ताई, तुमच्या प्रश्नाबद्दल. तुम्ही मोठी माणसं कुठे गेली हे शोधता. आम्ही वाचताना ते शोधत नाही, कारण ती बहुतेक वेळा नसतातच हे आम्हाला ठाऊक असतं. म्हणजे घरात असतात, पण ज्या गोष्टीची सगळ्यांत जास्त भीती वाटते ती त्यांना सांगता येत नाही. सांगितली तर ती आपल्याहून जास्त घाबरतील, किंवा फोन काढून घेतील, किंवा शाळेत येऊन मोठा तमाशा होईल. त्यामुळे कंदील काकांनी सांगितलेली शपथ मला एकदम खरी वाटली. अशा पुस्तकातला मुलगा एकटा निर्णय घेतो तेव्हा मला ते साहस वाटत नाही. ते रोजचं वाटतं, फक्त मोठ्या अक्षरांत.

ओलीशाई

रातकिडा, धीर केलास ते फार बरं केलंस. 'रोजचं, फक्त मोठ्या अक्षरांत' हे मी वहीत उतरवून घेतलं.

एक आठवण. आमच्या पिढीला या वळणावर पहिल्यांदा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने आणलं. बनेश फेणे संकटात उडी घ्यायचा, 'टॉक्' असा आवाज काढायचा, आणि त्याला काही होणार नाही हे आम्हाला आतून माहीत असायचं. दहाव्या वर्षी तोच दिलासा हवा असतो. पंधराव्या वर्षी तो पुरत नाही, आणि तिथे मराठीत मोठी पोकळी लागते. कुमारांसाठीची पुस्तकं संपतात आणि एकदम मोठ्यांच्या खूनकथा सुरू होतात. मधल्या वयासाठी इतक्या गंभीरपणे लिहिणारं कुणी भेटलं की आम्हाला जरूर कळवा.

अर्धविराम

मी मानसशास्त्र शिकवतो. रातकिडाने जे अनुभवातून लिहिलं त्याला अभ्यासाची जोड देतो.

२००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ. पिवळा दिवा लागलेला, लाल कधी होईल ते माहीत नाही, पुढे गेलात तर गुण वाढतात आणि धडकलात तर जातात. तेरा ते सोळा वर्षांची मुलं, अठरा ते बावीसचे तरुण आणि चोविशीच्या पुढचे प्रौढ असे तीन गट होते. समवयस्क शेजारी बसून बघत असले की किशोरांनी घेतलेले धोके लक्षणीय वाढले. प्रौढांच्या खेळात मित्र बसल्याने जवळपास फरक पडला नाही.

म्हणजे या वयात धोका कळत नाही असं नसतं. मित्रांच्या नजरेसमोर त्याची गणितं बदलतात. आवेग आवरणारे मेंदूचे भाग पक्के व्हायला विशी उलटावी लागते, आणि बक्षिसाची ओढ त्याच्या कितीतरी आधी जोरात आलेली असते.

आता लोइस डंकनची ती गाडी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. गाडीत एकच जण असता तर कदाचित थांबला असता. चौघं होते म्हणून शपथ झाली. तिच्याच 'किलिंग मिस्टर ग्रिफिन'मध्ये (१९७८) मुलं एका कडक शिक्षकाला नुसतं घाबरवायचं म्हणून पळवतात, आणि हृदयाच्या दुखण्यावरचं औषध वेळेत न मिळाल्याने ते मरतात. खून करायचं एकानेच मनात घेतलं असतं तर बाकीचे पळाले असते. पण पुढचं प्रत्येक छोटं पाऊल सगळ्यांनी मिळून टाकलं. हा प्रयोग व्हायच्या २७ वर्षं आधी एका कादंबरीकारने हे नेमकं पकडलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : पुस्तक द्या आणि स्वतःही वाचा. भीती पानावर असते तेव्हा मूल हवं तिथे थांबू शकतं, पुस्तक मिटू शकतं, मागे जाऊन पुन्हा वाचू शकतं. पडद्यावर किंवा आयुष्यात तेवढी मोकळीक नसते. मात्र तिच्या ओळखीत कुणी अलीकडे गेलं असेल, तर थोडं थांबा किंवा शेजारी बसून वाचा.

समुद्रपक्षी

मुलांना एकटं सोडलं की ती एकमेकांचे गळे धरतात, हा समज 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'ने (१९५४) आपल्या डोक्यात पक्का बसवला. विल्यम गोल्डिंग शिक्षक होता, युद्धात नौदलात लढून आला होता, आणि त्याने माणसाबद्दल जे पाहिलं ते मुलांच्या तोंडी घातलं. कादंबरी थोर आहे. पण तिच्या शेजारी एक खरी घटना ठेवावी असं मला नेहमी वाटतं.

१९६५ मध्ये प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशातल्या शाळेतली सहा मुलं कंटाळून एक नाव न विचारता घेऊन समुद्रात निघाली. वादळात शीड फाटलं, सुकाणू गेलं, आठ दिवस भरकटून ती 'अता' नावाच्या निर्जन बेटावर लागली. तिथे जवळपास पंधरा महिने राहिली. कामाच्या पाळ्या लावल्या. पेटवलेला विस्तव विझू दिला नाही. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या वेगवेगळ्या टोकांना जायचं, डोकं शांत झालं की परत येऊन माफी मागायची, असा नियम केला. एक जण कड्यावरून पडून पाय मोडला तर बाकीच्यांनी काठ्या आणि पानं बांधून हाड बसवलं, आणि ते नीट जुळलं. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाने त्यांना शोधलं. घरी पोचल्यावर नाव चोरल्याबद्दल त्यांना अटक झाली, आणि नावमालकाला भरपाई देऊन वॉर्नरनेच सोडवलं.

दुसरं नाव युलियाना कोपके. २४ डिसेंबर १९७१, पेरू. विमानावर वीज पडली. सतरा वर्षांची युलियाना खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून जंगलात कोसळली आणि वाचली. विमानातले बाकीचे ९१ जण गेले, त्यात तिची आई होती. गळपट्टीचं हाड मोडलेलं, पायात एकच बूट. ती अकरा दिवस चालली. जखमेत अळ्या पडल्या तेव्हा नदीकाठच्या एका होडीतलं पेट्रोल तिने जखमेत ओतलं, कारण घरच्या कुत्र्याच्या जखमेत वडिलांनी रॉकेल ओतलेलं तिने पाहिलं होतं. आणि चालायचं कुठे, तर झऱ्याच्या कडेने. झरा ओढ्याला मिळतो, ओढा नदीला, नदीकाठी माणसं असतात, हे आईवडिलांनी शिकवलेलं. दोघंही प्राणिशास्त्रज्ञ होते, रानातल्या संशोधनकेंद्रात तिला घेऊन राहिले होते.

जुनीवही, म्हणून तुमच्या प्रश्नात थोडी भर घालतो. मोठं माणूस तिथे नव्हतं. पण त्याने शिकवलेलं होतं.

जुनीवही

समुद्रपक्षी, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि उठून 'हॅचेट' पुन्हा काढलं. ब्रायन अगदी खचलेला असतो तेव्हा त्याला शाळेतले पर्पिच सर आठवतात. तुझ्याजवळची सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे तू स्वतः, असं ते नेहमी सांगत. मग तो खिसे रिकामे करून काय काय आहे ते मांडतो आणि त्या यादीत स्वतःलाही धरतो. मी हे पान आधी वाचलं होतं आणि तरी पायलट मेला म्हणजे मोठी माणसं संपली असं वर लिहून बसले. चूक दुरुस्त करते.

घड्याळकाटा

तंत्राचा एक मुद्दा राहिलाय, मोबाइल. मदत एका बटणावर आली आणि थरार लिहिणाऱ्यांची मोठी अडचण झाली. २०१० च्या सुमारास डंकनच्या जुन्या कादंबऱ्या नव्या वाचकांसाठी पुन्हा काढल्या, तेव्हा तिला पात्रांच्या हातात फोन द्यावे लागले, आणि जिथे दिले तिथे ते निकामी का झाले हेही लिहावं लागलं. बॅटरी संपली, रेंज नाही, फोन पाण्यात पडला. ही कारणं एकदा चालतात. दुसऱ्यांदा वाचक वैतागतो.

ज्यांना खरं उत्तर सापडलं त्यांनी फोनलाच धोका बनवलं. संदेश त्याच फोनवर येतात, फोटो त्याच फोनमध्ये असतात. तो बंद करावा तर मदत तुटते, चालू ठेवावा तर शिकारी सापडतो.

आणि जुन्या काळातली फोनची एक सुंदर गोष्ट. कॉर्मिएच्या 'आय ॲम द चीज'मध्ये (१९७७) मुलगा आपल्या मैत्रिणीला फोन लावतो. तो नंबर कॉर्मिएने स्वतःच्या घरचा दिला होता. वाचणारी मुलं खरंच फोन करायची, आणि इतकी काळोखी पुस्तकं लिहिणारा तो माणूस त्यांच्याशी बोलायचा.

कंदील

फोनची ही गोष्ट मला माहीत होती, पण जुनीवहींच्या प्रश्नाशेजारी ती ठेवायचं सुचलं नव्हतं. त्याच्या पुस्तकांमध्ये मदतीला कुणी येत नाही. पुस्तकाबाहेर तो स्वतः फोन उचलत होता.

मदत मिळूनही एकटं राहणं कसं असतं, ते वॉल्टर डीन मायर्सच्या 'मॉन्स्टर'मध्ये (१९९९) आहे. सोळा वर्षांचा स्टीव्ह खुनाच्या खटल्यात आरोपी आहे. पहारेकरी बसवलेत ते मारेकऱ्यांपासून वाचवायला नाहीत, त्यालाच कोंडून ठेवायला आहेत. तो हे सगळं चित्रपटाच्या पटकथेसारखं लिहून काढतो, कारण तसं लिहिलं तरच सोसवतं. (पुन्हा रहस्यभेद.) निकाल त्याच्या बाजूने लागतो, तो हात पसरून आपल्या वकीलबाईंना मिठी मारायला जातो, आणि त्या ताठ होऊन बाजूला वळतात. गोळी नाही, पाठलाग नाही. मला त्या पानाइतकी भीती दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने घातली नाही. अमेरिकेतलं किशोरसाहित्याचं प्रिंट्झ पारितोषिक २००० साली सुरू झालं, ते पहिल्यांदा याच पुस्तकाला मिळालं.

याच्या अगदी उलट टोकाला अँजेलिन बूलीचं 'फायरकीपर्स डॉटर' (२०२१). अठरा वर्षांची डॉनिस उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे या मूळनिवासी समाजातली. मैत्रिणीचा खून डोळ्यांदेखत होतो आणि तपासयंत्रणा तिलाच खबरी करते. सरकारी माणसं तिचं ज्ञान वापरून घेतात. पण इथे आज्या, मावश्या, समाजातल्या वडीलधाऱ्या बाया आहेत, त्यांना बरंच काही आधीच कळलेलं आहे, आणि योग्य वेळी त्या उभ्या राहतात. लेखिकेने या पुस्तकावर दहा वर्षं काम केलं. मोठी माणसं हजर ठेवूनही थरार कमी होत नाही, हे सिद्ध करणारं मला माहीत असलेलं हे सगळ्यांत चांगलं पुस्तक. प्रिंट्झ यालाही मिळालं, २०२२ मध्ये.

रातकिडा

'मॉन्स्टर' लायब्ररीतून आणलं. मिठीचं पान आधीच माहीत होतं तरी छातीत धस्स झालं.

आणि काल एक लक्षात आलं. 'लाँग वे डाउन'मध्ये विलला सूड घ्यायला कुणी सांगत नाही. तीन नियम असतात : रडायचं नाही, चुगली करायची नाही, आपल्या माणसाला मारलं तर मारणाऱ्याला मारायचं. ते नियम त्याला भावाने शिकवले, भावाला वडिलांनी, वडिलांना त्यांच्या आधीच्यांनी. समुद्रपक्षी काका म्हणाले तसं इथेही मोठ्या माणसांनी शिकवलेलंच बरोबर आहे. युलियानाला त्याने नदीपर्यंत नेलं. विलला तेच लिफ्टमध्ये घेऊन आलंय.

जुनीवही

रातकिडा, मी वर्षभर जे शोधत होते ते तू चार ओळींत ठेवलंस. धाग्याचं शीर्षक आता बदलता येत नाही, नाहीतर तुझ्या शब्दांत लिहिलं असतं. आज 'लाँग वे डाउन' घ्यायला जातेय.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगायला आलोय.

पुस्तक मी आधी वाचलं, मग मुलीला दिलं. तिने एका बैठकीत संपवलं. मी बाहेरच्या खोलीत उगाच पेपर चाळत बसलो होतो. शेवटच्या पानावर विलला दोनच शब्दांचा एक प्रश्न विचारलेला आहे आणि त्याचं उत्तर पुस्तकात नाही. मला वाटलं ती त्याबद्दल विचारेल, म्हणून माझं उत्तर तयार करून ठेवलं होतं.

तिने ते विचारलंच नाही. माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, आपल्या घरात असे नियम कुठले आहेत? म्हणजे कुणी सांगितले नाहीत, पण सगळे पाळतात?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, मी सांगू का? आणि कागदावर तीन लिहून दिले. पहिला आणि तिसरा वाचून आम्ही दोघं हसलो. दुसरा असा होता : 'बाबा दमून आले असतील तर त्या दिवशी वाईट झालेलं सांगायचं नाही.'

काल संध्याकाळी दमूनच आलो होतो. तिला म्हटलं, आज काय वाईट झालं ते सांग. तिने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग पाऊण तास बोलत होती.